शेजार बघून चालू होणारं जनुक: ग्लायोब्लास्टोमा आणि सिननॉच रिसेप्टरचं प्रकरण

ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूच्या एका वाईट कॅन्सरच्या, ट्यूमरचा पातळ काप घेऊन तो ईजीएफआर-व्ही-थ्री या प्रोटीनसाठी स्टेन केला, म्हणजे ते प्रोटीन असलेल्या पेशी तपकिरी दिसतील असा रंगवला, तर बहुतेक वेळा स्लाइड एकसारखी तपकिरी होत नाही. एका कोपऱ्यात गर्द तपकिरी पेशींचा पुंजका, त्याला अगदी चिकटून निळ्या पेशी ज्यांच्यावर तपकिरीचा ठिपकासुद्धा नाही, मधेच दोन-चार तपकिरी एकट्यादुकट्या, मग परत निळ्यांचा पट्टा. पावसात शेजारून एसटी गेली की पांढऱ्या शर्टावर चिखल उडतो ना, तसा तो रंग पडलेला असतो. आणि त्या निळ्या पेशीसुद्धा कॅन्सरच्याच असतात. एम.एस्सी.च्या मुलांना शिकवताना मी याच चित्रानं सुरुवात करते आणि विचारते, यातल्या फक्त तपकिरी मारल्या तर काय होईल? वर्ग शांत होतो. उत्तर सगळ्यांना लगेच कळतं, बोलून दाखवायला नको वाटतं.

हा विषय मला नुसता शिकवायचा म्हणून जवळचा नाही. माझे मामा याच आजारानं गेले. ऑपरेशन, मग सहा आठवडे रेडिएशन, सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, म्हणजे २००५ पासून जगभर जी ट्रीटमेंट चालू आहे तीच. त्या वर्षी छापून आलेल्या मोठ्या ट्रायलमधे नुसतं रेडिएशन घेतलेल्यांचं मीडियन आयुष्य १२.१ महिने निघालं आणि गोळ्या जोडलेल्यांचं १४.६, म्हणजे फरक जेमतेम अडीच महिन्यांचा, आणि हा आजारच असा की तेवढ्या फरकावर अख्ख्या जगाची पद्धत बदलली. मामींनी तेव्हा मला विचारलं होतं, "अगं, तुमच्या त्या नवीन ट्रीटमेंटमधे अंगात पेशी सोडतात ना, मग त्या पेशीला कळतं कसं कुठली मारायची नि कुठली ठेवायची?" मी तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं. आता हे प्रकरण लिहितेय ते त्यांचा प्रश्न समोर ठेवूनच, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ या विद्यापीठात या एका प्रश्नावर जे काम झालं ते मला गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात सुंदर पेशी-इंजिनिअरिंग वाटतं.

एक खूण खरी पण अपुरी, दुसरी सगळीकडे

आधी कार-टी बद्दल थोडं, बऱ्याच जणांना माहीत आहे म्हणून भरभर सांगते. पेशंटच्या रक्तातून टी पेशी, म्हणजे इम्युनिटीच्या लढणाऱ्या पेशी, काढायच्या, त्यांच्यात कार नावाचा एक बनवलेला रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रोटीन, बसवायचा, ज्याचं बाहेरचं टोक कॅन्सरच्या पेशीवरची खूण पकडतं आणि आतलं टोक टी पेशीला सांगतं की मार, मग त्या पेशी वाढवून परत पेशंटला द्यायच्या. आपल्याकडे आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मधे परवानगी मिळाली ते हेच तंत्र. तिथं खूण असते सीडी१९. आता सीडी१९ ही काही फक्त कॅन्सरची खूण नाही, ती शरीरातल्या सगळ्या बी पेशींवर असते, चांगल्या आणि वाईट दोन्ही, आणि कार-टी दोन्हींना मारतं. पण बी पेशी नसल्या तरी माणूस जगू शकतो, इन्फेक्शन सांभाळायचं, लागलं तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं. म्हणून तिथं हे निभावून जातं.

बाकीच्या अवयवांना ही सवलत नाही. २०१० मधे अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं एक केस छापली होती, पसरलेल्या कोलन कॅन्सरच्या पेशंटला एचईआर-टू ही खूण ओळखणाऱ्या सुमारे १००० कोटी कार-टी पेशी दिल्या, १५ मिनिटांत श्वास लागायला लागला आणि पाच दिवसांनी मृत्यू. फुप्फुसाच्या पेशींवर एचईआर-टू अगदी थोडं असतं, त्या थोड्यालासुद्धा त्या पेशींनी ओळखलं असावं असं त्या डॉक्टरांनीच लिहिलंय. ही केस मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी सांगताना जड जातं.

तर ग्लायोब्लास्टोमासाठी लोकांनी अशी खूण शोधली जी शरीरात दुसरीकडे कुठंच नाही. ती म्हणजे ईजीएफआर-व्ही-थ्री. ईजीएफआर जनुकाचे २ ते ७ हे एक्सॉन (प्रोटीनची माहिती असलेले जनुकाचे तुकडे) गळून पडतात, प्रोटीनमधली २६७ अमिनो आम्लं जातात आणि जिथं दोन तुटके भाग जुळतात तिथं एक नवं ग्लायसीन येऊन बसतं. हा सांधा निरोगी माणसाच्या कुठल्याच पेशीवर नसतो. म्हणजे खूण शंभर टक्के खरी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं हीच खूण पकडणाऱ्या कार-टी पेशी १० पेशंटना दिल्या, २०१७ मधे निकाल आले. पेशी मेंदूपर्यंत पोचल्या, फुप्फुस-लिव्हरला धक्का लागला नाही, आणि ज्यांचं नंतर ऑपरेशन झालं त्यांच्यातल्या बहुतेकांच्या ट्यूमरमधलं व्ही-थ्री कमी झालेलं दिसलं. पण ट्यूमर होताच! तपकिरी पेशी कमी झाल्या होत्या आणि निळ्या तशाच. स्लाइड बघून वर्ग गप्प होतो तो यासाठी.

दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा आहेत, ईफा-टू आणि आयएल-१३ रिसेप्टर अल्फा-टू. या ग्लायोब्लास्टोमाच्या जवळजवळ सगळ्या पेशींवर मिळतात, एखादीवर एक नसली तर दुसरी असते, त्यामुळं निळ्या पेशीसुद्धा त्यातून सुटत नाहीत. पण त्या शरीरात इतरत्रही थोड्याफार असतात, ईफा-टू तर कितीतरी अवयवांच्या अस्तरात. मेंदूतल्या निरोगी पेशींवर मात्र त्या फारशा नसतात (हे लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच येणार आहे). म्हणजे एक खूण खात्रीची पण अर्ध्या ट्यूमरवरच, बाकीच्या पूर्ण ट्यूमरवर पण त्यांची खात्री नाही. कुठलीही एक घेतली तरी पेशंटचं नुकसान.

नॉच नावाचा साधा माणूस

इथं यूसीएसएफच्या वेंडेल लिम यांच्या लॅबची कल्पना येते. त्यांनी मारायच्या रिसेप्टरशी खटपट करत बसण्यापेक्षा वेगळंच ठरवलं, की टी पेशीत एक असा रिसेप्टर घालायचा जो मारत नाही, जो फक्त एखादं जनुक चालू करतो, आणि चालू काय करायचं ते आपण ठरवायचं.

यासाठी त्यांनी नॉच घेतला. नॉच हे नाव फळमाशीवरून आलंय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉर्गन यांच्या लॅबमधे काही माश्यांच्या पंखांच्या कडेला खाचा दिसल्या, त्या खाचेमागचं जनुक म्हणजे नॉच. माशीपासून माणसापर्यंत सगळ्यांमधे आहे. गर्भ वाढताना शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना "तू हे हो, मी ते होते" असं सांगतात त्यात याचा मोठा हात असतो.

मला नॉच फार आवडतो आणि कारण सांगते. बाकीचे रिसेप्टर बाहेर काही चिकटलं की आत एका प्रोटीनला सांगतात, ते दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला, वाटेत निरोप वाढतो, फाटे फुटतात, सरकारी कार्यालयात फाइल फिरते तसं. नॉचमधे मधलं कोणी नाही. त्याची शेपटीच निरोप असते. शेजारच्या पेशीवरचं लिगँड, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारं प्रोटीन, नॉचच्या डोक्याला पकडतं आणि ती शेजारची पेशी ते ओढते, अक्षरशः ओढते, त्या ओढीनं नॉचच्या मानेपाशी दुमडून झाकलेला एक भाग उघडा पडतो, तिथं अॅडम जातीचं एन्झाइम कात्री मारतं, मग पेशीच्या पडद्याच्या आत गॅमा-सिक्रिटेज दुसरी कात्री मारतं, आणि शेपटी सुटून थेट केंद्रकात जाते आणि जनुक चालू करते. तांदळाच्या पोत्याची शिलाई बरोबर दोरा धरून ओढली की सरसर उसवते, तसं. वर्गात मी खरंच पोत्याचा तुकडा नेते. दोरा नुसता हातात धरला तर काही होत नाही, ओढला तरच उसवतो, आणि एकदा उसवला की तो टाका गेला, परत वापरता येत नाही. नॉचचंही तसंच, एक रिसेप्टर एकदाच कामाला येतो, त्यातून एकच शेपटी सुटते. म्हणजे संपर्क जितका जास्त तितक्या शेपट्या जास्त, आणि संपर्क तुटला की नवीन शेपट्या सुटणं बंद.

लिम यांच्या लॅबमधे लिओनार्दो मॉरसूट, कोल रॉयबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मधे दाखवलं की मधला दुमडीचा आणि कात्रीचा भाग तेवढा ठेवला तर डोकं आणि शेपटी दोन्ही बदलता येतात. डोक्याच्या जागी अँटिबॉडीचा तुकडा लावा, जी खूण पाहिजे ती पकडेल. शेपटीच्या जागी दुसरा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुक चालू करणारं प्रोटीन, लावा, उदाहरणार्थ यीस्टमधला गॅल-फोर आणि त्याला जोडलेला व्हीपी-६४, जो हर्पीस व्हायरसच्या एका प्रोटीनच्या तुकड्याच्या चार प्रती जोडून बनवलेला असतो. यीस्टचा का, तर गॅल-फोर डीएनएवर जो पत्ता शोधतो त्या पत्त्याची जनुकं माणसाच्या पेशीत नाहीतच, त्यामुळं तो आपल्या पेशीच्या इतर कुठल्या जनुकाला हात लावत नाही, आपण मुद्दाम तो पत्ता लिहून ठेवलेलं एकच जनुक चालू करतो. याला सिंथेटिक नॉच, म्हणजे सिननॉच म्हणतात.

आणि एक बारीक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त पटवून गेली. द्रवात मोकळं तरंगणारं लिगँड दिलं तर सिननॉच चालू होत नाही, तेच लिगँड दुसऱ्या पेशीच्या अंगावर किंवा प्लेटच्या तळाला घट्ट बसवलेलं असलं तर होतो. ओढायला दुसऱ्या बाजूला काहीतरी पक्कं धरलेलं पाहिजे ना. म्हणजे ट्यूमरमधून खुणेचे तुकडे सुटून रक्तात फिरत असले तरी ही टी पेशी त्यांना फसणार नाही. हा रिसेप्टर जागा ओळखतो. पुढचं सगळं वाचताना हे धरून ठेवा, कारण या प्रकरणातलं यश आणि धोका दोन्ही इथूनच निघतात.

मेंदूतला सर्किट

आता यूसीएसएफच्याच हिदेहो ओकादा यांच्या आणि लिम यांच्या गटांनी मिळून २०२१ मधे जे छापलं ते बघू. टी पेशीत दोन गोष्टी घातल्या, त्या मिळून होतो तो सर्किट. पहिली, व्ही-थ्री ओळखणारा सिननॉच, हा कायम तयार असतो पण स्वतः कोणाला मारत नाही. दुसरी, एका कार रिसेप्टरचं जनुक, ज्याच्या पुढं गॅल-फोरचा पत्ता लिहिलेला आहे, आणि हा कार ईफा-टू किंवा आयएल-१३ रिसेप्टर अल्फा-टू, दोन्हीपैकी काहीही दिसलं तरी मारतो. सिननॉच चालू झाल्याशिवाय हे जनुक बंद, म्हणजे पेशीवर कार नाहीच, हत्यार अजून बनलेलंच नाही.

एका टी पेशीच्या मागं मागं जाऊन बघा. शिरेतून दिलेली ती पेशी रक्तातून फिरतेय, फुप्फुसातून गेली, लिव्हरमधून गेली, तिथं ईफा-टू असलेल्या पेशी तिला घासून गेल्या, तिला काही दिसलं नाही कारण बघायला कारच नाही. फिरत फिरत ती मेंदूत शिरते आणि एका तपकिरी पेशीला टेकते. सिननॉचचं डोकं व्ही-थ्रीच्या त्या जोडलेल्या सांध्याला पकडतं, दोन पेशींच्या हालचालीत ताण येतो, दुमड उघडते, पहिली कात्री, दुसरी कात्री, गॅल-फोर सुटतो, केंद्रकात जातो, कारचं जनुक वाचलं जायला लागतं. आरएनए बनतो, प्रोटीन बनतं, पडद्यावर येऊन बसतं. याला तास लागतात, मिनिटं नाही. आणि आता ती पेशी मान वळवून शेजारी बघते तर एक निळी पेशी. तिच्यावर व्ही-थ्री नाही, पण ईफा-टू आहे. ती मरते. तिच्या पलीकडची निळीसुद्धा. तपकिरी पेशीवरही ईफा-टू असतंच, त्यामुळं तीही वाचत नाही.

म्हणजे तपकिरी पेशी इथं मारायचं लक्ष्य कमी आणि पाटी जास्त, "इथं ट्यूमर आहे" अशी पाटी. पाटी गल्लीच्या तोंडाशी एक असली तरी पुरते, प्रत्येक घरावर लागत नाही.

प्रयोग केले ते इम्युनिटी नसलेल्या उंदरांवर. त्यांच्या मेंदूत पेशंटच्या ट्यूमरमधून वाढवलेल्या पेशी रुजवल्या ज्यात व्ही-थ्री असं ठिकठिकाणी होतं, काही पेशींवर आहे काहींवर नाही. शिरेतून एकच डोस दिला. कायम चालू असलेला नेहमीचा कार घातलेल्या टी पेशींपेक्षा या सर्किटवाल्या पेशींनी ट्यूमर जास्त चांगला आटोक्यात आणला आणि त्या टिकल्याही जास्त. मेंदूबाहेर काय होतं बघायला उंदराच्या कुशीत कातडीखाली दुसरा ट्यूमर ठेवला, ज्यावर मारायच्या खुणा होत्या पण व्ही-थ्री नव्हतं. मेंदूतला ट्यूमर गेला, कुशीतला वाढत राहिला. त्याच उंदराचं तेच रक्त दोन्हीकडे फिरतंय आणि हत्यार फक्त एकीकडे बनतंय! हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री उशीर झाला होता आणि मी उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या.

टिकल्या का, हेही सांगायला पाहिजे कारण आधी याची कोणी फार अपेक्षा केली नव्हती असं मला वाटतं. कार पेशीवर कायम असला की समोर कोणी नसतानाही तो आतून थोडा थोडा इशारा देत राहतो, टी पेशी सतत अर्धवट जागी राहते आणि दमते, ट्यूमरपाशी पोचेपर्यंत तिच्यात दम उरत नाही. सर्किटमधे कार नसतोच तोपर्यंत, त्यामुळं पेशी ताज्या राहतात, जास्त पेशी नाइव्ह आणि स्टेम-मेमरी, म्हणजे अजून न थकलेल्या आणि पुढं वाढू शकणाऱ्या, अवस्थेत सापडल्या. गरज पडेल तेव्हाच जनुक चालू केल्याचा हा वेगळा फायदा, तो मला सुरक्षिततेइतकाच मोठा वाटतो.

तीच गोष्ट, उलट बाजूनं

आता जे मला या प्रकरणात मुख्य सांगायचंय ते. लोक सिननॉच-कारला "अँड गेट" म्हणतात, दोन्ही खुणा असतील तरच मारा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की एकाच पेशीवर दोन्ही असायला लागतात. नाही. पहिली खूण एका पेशीवर आणि दुसरी शेजारणीवर असली तरी चालतं. हे गेट पेशीचं नाही, जागेचं आहे. ग्लायोब्लास्टोमात हेच वरदान ठरलं, त्यामुळंच निळ्या पेशी मेल्या. पण हीच गोष्ट दुसऱ्या जागी काय करते ते सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन सेंटरमधे शिवानी श्रीवास्तव, स्टॅनली रिडेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मधेच दाखवलं होतं, आणि माझ्या मते जो कोणी सिननॉच शिकेल त्यानं हे दोन पेपर मांडीला मांडी लावून वाचावेत.

त्यांची खूण होती आरओआर-वन. उंदरांना आधी लिम्फोडिप्लीशन करून, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लिम्फोसाइट पेशी कमी करून, आरओआर-वनवर नेहमीचा कार-टी दिला तर ट्यूमर मरतो, पण अस्थिमज्जेतल्या आधारपेशींवरही आरओआर-वन असतं, त्याही मरतात, मज्जा बंद पडते आणि उंदीर जातो. मग त्यांनी सिननॉच लावला, एपकॅम किंवा बी-सेव्हन-एचथ्री दिसलं तरच आरओआर-वनचा कार बनवायचा. या दोन खुणा ट्यूमरवर आहेत, मज्जेच्या आधारपेशींवर नाहीत. कागदावर एकदम पक्कं. आणि जिथं ट्यूमर एकीकडे आणि त्या निरोगी पेशी दुसरीकडे होत्या तिथं खरंच चाललं, ट्यूमर आटला, उंदीर ठीक. पण जिथं ट्यूमरच्या पेशी आणि आरओआर-वनवाल्या निरोगी पेशी एकाच जागी मिसळलेल्या होत्या तिथं विषबाधा परत आली. का ते आता आपल्याला कळतं, टी पेशी ट्यूमरला टेकून चालू झाली आणि मग शेजारी जी निरोगी पेशी होती तिलाही मारलं. निळी पेशी मारणारी आणि आधारपेशी मारणारी यंत्रणा एकच, शब्दशः एकच.

म्हणून सिननॉचचं डिझाइन करताना ट्यूमरवर काय आहे हा प्रश्न माझ्या हिशोबानं दुसरा येतो. पहिला हा, की ट्यूमरला लागून राहणारी निरोगी पेशी कोणती आणि तिच्यावर मारायची खूण आहे का. मेंदूत याचं उत्तर बरं आहे, न्यूरॉन आणि आजूबाजूच्या निरोगी पेशींवर ईफा-टू आणि आयएल-१३ रिसेप्टर अल्फा-टू फारसं नसतं (वर लक्षात ठेवा म्हणाले होते ते हेच). ईफा-टू जिथं असतं ते अवयव लांब आहेत, आणि तिथं जाईपर्यंत टी पेशीला व्ही-थ्री दिसलेलं नसतं. मज्जेत उत्तर वाईट होतं. मुलांना मी सांगते की खुणांची यादी करायच्या आधी शेजाऱ्यांची करा.

यात वेळेचाही हिशोब आहे. चालू झालेली टी पेशी ट्यूमर सोडून निघाली तर तिच्यावरचा कार क्षणात गळून पडत नाही, जो बनलाय तो हळूहळू तासांच्या हिशोबानं कमी होतो. तेवढ्या वेळात ती कुठं पोचते यावर बरंच अवलंबून आहे. नॉचचा टाका एकदाच उसवतो म्हणून तो बंद होऊ शकतो हे खरं, पण बंद होणं आणि लगेच बंद होणं यात फरक आहे.

पाटी कुठली लावायची

व्ही-थ्रीची एक अडचण राहतेच. ती खूण सगळ्या पेशंटमधे नसते, फार तर तिघा-चौघांतल्या एकात, आणि आजार परत उलटला की आधी असलेलीही काही जणांत नाहीशी झालेली दिसते. पाटीच नसेल तर सर्किट चालू कसा होणार.

२०२१ च्या त्याच कामात त्यांनी याचंही उत्तर दिलं आणि ते इतकं साधं आहे की वाचल्यावर वाटतं हे आपल्याला का नाही सुचलं. पाटी ट्यूमरची कशाला पाहिजे? मेंदूचीच लावा. एमओजी हे प्रोटीन मज्जातंतूंवरच्या मायलिनमधे असतं, मेंदू आणि मज्जारज्जू सोडून बाहेर नाही. एमओजी ओळखणारा सिननॉच लावला तर टी पेशीला कळतं ती मेंदूत आलीय, मग ती कार बनवते, आणि मेंदूत ईफा-टू किंवा आयएल-१३ रिसेप्टर अल्फा-टू ज्याच्यावर आहे तो ट्यूमरच. उंदरांमधे हेही चाललं आणि मेंदूबाहेर कुठं पेशी चालू झाल्याचा पुरावा मिळाला नाही. इथं एकही खूण कॅन्सरची स्वतःची नाही हे लक्षात घ्या. एक मेंदूचा पत्ता, दुसरी अनेक अवयवांत असणारी सामान्य खूण, दोन्ही मिळून मात्र जागा नेमकी ठरते.

२०२४ मधे याच मंडळींनी एमओजीऐवजी ब्रेव्हिकॅन हे प्रोटीन वापरलं, ते मेंदूतल्या पेशींच्या मधल्या जाळीत घट्ट बसलेलं असतं. पोत्याचा दोरा आठवा, ओढायला पक्कं काहीतरी पाहिजे, आणि ती जाळी पक्की असते. या कामात त्यांनी ग्लायोब्लास्टोमाबरोबर मेंदूत पसरलेला स्तनाचा कॅन्सरही घेतला, आणि कार सोडून दुसरं जनुकही लावून बघितलं, मेंदूतली सूज उतरवणारं आयएल-१० हे सायटोकाइन, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजाराच्या उंदरांसाठी. तोच रिसेप्टर, तोच पत्ता, फक्त चालू होणारं जनुक बदललं आणि मारणारी पेशी शांत करणारी झाली. जनुक आपण निवडतो म्हणजे काय ते इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं.

एचईआर-टूच्या त्या जुन्या केसलाही लिम यांच्या लॅबनं २०२१ मधे हात घातला. सिननॉचचं डोकं मुद्दाम कमी चिकट बनवलं, म्हणजे एचईआर-टू खूप दाट असेल तरच तो चालू होतो, आणि त्यातून बनणारा कार मात्र चांगला चिकट. थोडं एचईआर-टू असलेली पेशी सुटते, खूप असलेली मरते. अर्थात तीच शेजारची काळजी इथंही लागू आहे.

माणसांमधे काय, तर व्ही-थ्री पॉझिटिव्ह ग्लायोब्लास्टोमाच्या पेशंटसाठी यूसीएसएफमधे पहिल्या टप्प्याची ट्रायल चालू झालीय, ई-सिंक नावाची, सर्किट वर सांगितला तोच, व्ही-थ्रीनं चालू होणारा ईफा-टू आणि आयएल-१३ रिसेप्टर अल्फा-टूचा कार. पहिला टप्पा म्हणजे मुख्यतः सुरक्षित आहे का आणि डोस किती हेच बघणं. उंदराला स्वतःची इम्युनिटी नव्हती, माणसाला आहे, आणि हा रिसेप्टर उंदराचा नॉच, यीस्टचा गॅल-फोर, व्हायरसचा तुकडा असा जोडून बनलेला, शरीर त्याला परका म्हणून हाकलू शकतं. त्यासाठी रॉयबल यांच्या लॅबनं २०२२ मधे जास्तीत जास्त माणसाचेच भाग वापरून आटोपशीर रिसेप्टर बनवले, त्यांना स्निपर म्हणतात, आणि त्या जातीचा रिसेप्टर असलेलं कार-टी ओव्हरीच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत ट्रायलमधे गेलंय. गळतीचाही प्रश्न असतो, कधी कधी काहीच न पकडता एखादी शेपटी सुटते आणि थोडा कार बनतो, ते किती कमी करता येतं यावर बरीच मेहनत चालू आहे.

मागच्या दिवाळीत मामींकडे गेले तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं, पोत्याच्या दोऱ्यासकट. त्या स्वयंपाकघरात चकलीचं पीठ मळत ऐकत होत्या. मग त्यांनी मामांची फाइल काढली, अजून ठेवलीय त्यांनी, आणि मला रिपोर्टचा तो कागद दाखवून विचारलं, यात आहे का ते तुमचं व्ही-थ्री. निगेटिव्ह होतं. मी म्हणाले, ई-सिंकमधे हा पेशंट बसला नसता मामी, पण ब्रेव्हिकॅनच्या सर्किटला व्ही-थ्री लागत नाही, त्याला फक्त मेंदू लागतो. त्यांनी कागद परत घडी घालून फाइलमधे ठेवला आणि विचारलं, "उंदरांमधे झालंय म्हणालीस ना?" मी हो म्हणाले.